बाराच्या उन्हातली भुतं

तीन वर्षांपूर्वी मी गोष्टींच्या एका अ‍ॅपवर भयकथा टाकली होती. नाव 'हाक'. कंपनीच्या बसमध्ये, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला असताना मोबाईलवरच टाइप केली. अमावास्या, धो धो पाऊस, कडाडणारी वीज, मळ्यातली जुनी विहीर आणि काठावर पांढऱ्या साडीतली बाई. लोकांनी भरभरून लाइक केलं. 'अंगावर काटा आला', 'पुढचा भाग कधी?' वगैरे.

गोष्ट आमच्या घरातलीच होती. आमचं गाव राजुरी, तालुका जुन्नर. आळेफाट्याहून नगरकडे जाताना बेल्ह्याच्या अलीकडे लागतं. माझ्या आजीची थोरली जाऊ मळ्यातल्या विहिरीत गेली, आणि तिला 'आसरांनी नेलं' असं घरात म्हणतात. मी लहानपणापासून एवढंच ऐकलेलं. बाकीचं सगळं मी भरलं.

दिवाळीत धाकट्या बहिणीनं हौसेनं ती गोष्ट आजीला वाचून दाखवली. आजी भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. शेवटपर्यंत ऐकलं, आणि मग मान वर न करता म्हणाली, "आरं, पाऊस आसता तर ती हिरीवर कशाला गेली आसती?"

तेव्हापासून मला मराठी भयकथा पूर्वीसारखी वाचता येत नाही. मी धारप आणि मतकरी पारायणं करून वाचलेला मुलगा आहे. इंजिनीअरिंगच्या होस्टेलवर 'लुचाई' एका रात्रीत संपवली होती. ती स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वरून घेतली आहे हे नंतर कळलं, तरी माझं प्रेम कमी झालं नाही. पण आजीच्या त्या वाक्यानंतर एक साधा प्रश्न डोक्यातून जाईना. आपल्या गोष्टींमधल्या भुतांना एवढा पाऊस का लागतो?

आमच्याकडे पाऊस नाही. म्हणजे आहे, पण जुन्नर तालुका हा तिरका प्रकार आहे. पश्चिमेला नाणेघाट, घाटघर इथे पावसाळ्यात समोरचं दिसत नाही. तिथून पूर्वेला सरकत या, दर काही किलोमीटरला हिरवा रंग उतरत जातो. राजुरी-बेल्ह्यापर्यंत पोचता पोचता डोंगर पिवळे पडतात, आणि पुढे गुळुंचवाडीवरून आणे घाट चढून पठारावर गेलात की उन्हाळ्यात नुसता दगड, कुसळं आणि वारा. गुळुंचवाडीला ओढ्यानं खडक पोखरून केलेला नैसर्गिक पूल आहे, खाली मळगंगेचं देऊळ आहे. पाण्यानं एवढा खडक कोरला त्या जागी मे महिन्यात पाण्याचा थेंब शोधावा लागतो. वाळवंट म्हणणं अतिशयोक्ती होईल, पण वाळवंटाचा धाकटा भाऊ म्हणायला हरकत नाही.

या डोंगरांना भुतं आहेतच. चकवा आहे. तो दिसत नाही, फक्त वाट फिरवतो. माणूस तासभर चालतो आणि पुन्हा त्याच बाभळीपाशी येतो. आजोबा सांगायचे, चकवा लागला की चालायचंच नाही. खाली बसायचं, तंबाखू मळायची, डोकं ताळ्यावर आलं की उठायचं. म्हसोबा आहे, वेताळ आहे, शेंदूर फासलेले गोटे आहेत. आणि पाण्यापाशी साती आसरा. विहिरीच्या किंवा डोहाच्या काठावर मांडलेले सात दगड. त्यांना हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, ओटी. त्यांची एकच अट सगळ्यांना पाठ असते: टळटळीत दुपारी, बाराच्या ठोक्याला, एकटीनं पाण्यावर जायचं नाही.

दुपारी. मध्यरात्री नव्हे. हे मी हजार वेळा ऐकलं होतं आणि तरी गोष्ट लिहायला बसल्यावर बोटांनी आपोआप 'रात्रीचे दोन वाजले होते' असं टाइप केलं. यूट्यूबवरचा कुठलाही मराठी हॉरर चॅनेल लावा, पहिलं वाक्य हेच असतं. आणे घाटाच्या नावावरही अशा गोष्टी फिरतात, लिफ्ट मागणारी बाई वगैरे. नाव बदलून तीच गोष्ट कुठल्याही घाटात खपते. त्या बाईची पांढरी साडी तर मला फारच संशयास्पद वाटते. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका हिरवी-लाल, गडद नऊवारी लुगडी नेसत आल्या. मेल्यावर त्या पांढरी पाचवारी कुठून आणणार? माझा अंदाज असा, की आमच्या घाटातल्या बाईला ही साडी 'वो कौन थी' (१९६४) आणि तिच्या जातकुळीतल्या हिंदी सिनेमांनी नेसवली.

साडी उसनी असली तरी चालेल, पण हवामान उसनं आणलं की गोष्टीचं कारणच जातं. रात्र आणि पाऊस ही घरात बसलेल्या माणसाची भीती आहे. दार वाजतंय, दिवे गेलेत, माडीवर कुणीतरी चालतंय. धारपांचे वाडे, मतकरींचे फ्लॅट आणि चाळी, दोघांकडेही भय आतल्या खोलीत असतं. मतकरी तर त्यातले उस्तादच, त्यांचं भूत बहुतेक वेळा माणसाच्या मनातच भाड्यानं राहतं. यात कमी काही नाही. पण या गोष्टींना चार भिंती लागतात. आमच्या डोंगरातलं भय उघड्यावरचं आहे. त्याला लपायला अंधार नाही, सगळं लख्ख दिसतंय आणि तरी वाट चुकते, तरी हाक ऐकू येते. त्या भयाला मराठी गोष्टीत फारशी जागा मिळाली नाही, असं माझं म्हणणं आहे.

'तुंबाड' (२०१८) घ्या. राही अनिल बर्वेंचा सिनेमा मी थिएटरात दोनदा पाहिला, २०२४ ला पुन्हा लागला तेव्हाही गेलो. हिंदीत असला तरी मराठी भयाचं एवढं देखणं काम पडद्यावर दुसरं नाही. नाव श्री. ना. पेंडश्यांच्या कादंबरीतून घेतलेलं, गाव कोकणातलं, आणि पाऊस अखंड. सिनेमाच्या आत त्या पावसाला कारणही दिलंय, तो देवांचा कोप आहे. पण हस्तरकडे नीट बघा. तो कशासाठी वखवखलेला आहे? पिठासाठी. त्याच्याकडे सोनं आहे, त्याला धान्य मिळालेलं नाही, आणि मूठभर पिठाच्या बाहुलीसाठी तो वेडापिसा होतो. मला तरी हे भूत पावसाळी मुलुखाचं वाटत नाही. ते दुष्काळातलं आहे. ज्या मुलखात पोतंभर धान्य हेच सोनं होतं, तिथलं. सिनेमातला वाडासुद्धा सासवडचा आहे, म्हणजे देशावरचाच. देशावरचं भूत, देशावरचा वाडा, आणि दोन्हींवर पाणी मारलं. दिसायला विलक्षण दिसतं, ते मी नाकारत नाही. पण कोरड्या ठणठणीत माळावर, उन्हात, पांढऱ्या आभाळाखाली तो हस्तर पिठाकडे धावताना कसा दिसला असता, हा विचार दुसऱ्यांदा सिनेमा बघताना माझा पिच्छा सोडत नव्हता.

उन्हातलं भय लिहिलंच गेलं नाही असं नाही. जी. ए. कुलकर्णींचा 'रमलखुणा' (१९७५) मधला मुलूख घ्या. त्यातल्या 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दीर्घकथा वाचताना घसा कोरडा पडतो. पण जीएंचं ऊन कुठल्याही तालुक्यातलं नाही. ते नियतीचं ऊन आहे, त्याला सातबारा नाही. उलट व्यंकटेश माडगूळकरांकडे तालुका आहे, दुष्काळ आहे, 'बनगरवाडी'च्या शेवटी तर दुष्काळ अख्खं गाव उठवतो, पण तिथे भय हा विषय नाही. माझ्या मते या विषयाच्या सगळ्यात जवळ गेलेली मराठी कलाकृती भयकथाच नाही. उमेश कुलकर्णींचा 'विहीर' हा सिनेमा. त्यात एक मुलगा विहिरीत बुडून जातो आणि दुसरा त्याला शोधत राहतो. भूत नाही, किंकाळी नाही. विहीर उन्हात नुसती आहे. तो बघताना मला जेवढी धास्ती वाटली तेवढी कुठल्याच अमावास्येनं दिली नाही.

दुपारच्या भुतांवर आमचा मालकी हक्क आहे असंही नाही. जिथे जिथे कोरडे डोंगर आणि लांब वाटा आहेत तिथे ती आहेत. ग्रीक धनगर भर दुपारी पावा वाजवत नसत, पॅन देव झोपलेला असतो, चिडेल म्हणून. इंग्रजीतला 'पॅनिक' त्याच्याच नावावरून आला. इजिप्तच्या वाळवंटात राहणारे चौथ्या शतकातले ख्रिस्ती साधू ज्याला सगळ्यात जास्त घाबरत तो सैतान दुपारचा होता. मार्को पोलोनं लोपच्या वाळवंटाबद्दल लिहून ठेवलंय, की तांड्यापासून मागे राहिलेल्या माणसाला तिथली भुतं त्याच्या सोबत्यांच्या आवाजात, नाव घेऊन हाका मारतात आणि वाट चुकवतात, आणि हे आवाज दिवसाही ऐकू येतात. हे वाचलं तेव्हा मी अक्षरशः हसलो. हा तर आमचा चकवा! आणि ह्युएन त्संग, जो पुढे पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन गेला, त्याच्या चरित्रात गोबी ओलांडतानाचा प्रसंग आहे. त्याची पाण्याची पखाल सांडते. चार रात्री आणि पाच दिवस तो पाण्यावाचून चालतो, आणि त्याच प्रवासात त्याला भुतांचे दिवे दिसतात. लिहिणाऱ्यानं पखाल आणि भुतं ही दोन्ही प्रामाणिकपणे नोंदवली आहेत. यातलं कशामुळे काय झालं हे त्यानं सांगितलेलं नाही. सांगायची गरजही नाही.

कोरड्या डोंगरातलं भूत हे बऱ्याचदा पाण्याबद्दलचं वाक्य असतं, हे माझ्या डोक्यात त्यानंतर पक्कं होत गेलं. ते तपासायला मी एका मे महिन्यात, मुद्दाम दुपारचा, जुन्नरच्या मानमोडीवर गेलो. (आईला सांगितलं नाही.)

मानमोडी हा जुन्नर शहराला लागूनचा डोंगर. त्याच्या पोटात लेण्यांचे तीन गट आहेत: भीमाशंकर, अंबा-अंबिका आणि भूतलिंग. तिसऱ्याला लोक सरळ भूत लेणी म्हणतात. आत बौद्ध चैत्य आहे आणि स्तूप आहे. भिक्षू गेल्यावर कधीतरी त्या स्तूपालाच कुणीतरी लिंग समजलं असावं, आणि माणूस नसलेल्या जागी ते भुतांचं ठरलं असावं. कमानीवर एका यवन दात्याचं नाव कोरलेलं आहे. चढ अंगावर येणारा, मुरमाड, पाय निसटणारा. वर आग्या मोहोळं लटकलेली. तिथे मोठ्यानं बोलू नये, अत्तर लावून जाऊ नये, शेकोटी करू नये, या सगळ्या सूचना भुतांच्याही असू शकतात आणि माश्यांच्याही. मला दुसरी शक्यता जास्त घाबरवत होती.

मानमोडी या नावाकडे माझं लक्ष वेधलं दामोदर धर्मानंद कोसंबींनी. 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' (१९६२) हे त्यांचं पुस्तक मी आधी एका वेगळ्याच कारणासाठी उघडलं होतं. हा माणूस गणितज्ञ होता, टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, आणि सुट्टीत पुण्याभोवतीचे डोंगर पालथे घालून बायाबापड्यांना विचारायचा की हा शेंदरी दगड कुणाचा आणि याला कुठल्या दिवशी काय वाहता. कोडिंग करून मान मोडलेल्या माणसाला हे आयुष्य हेवा वाटण्यासारखं आहे. कोसंबी सांगतात, मानमोडी म्हणजे मान मोडणारी, आणि ही देवी लेण्यांहूनही जुनी असावी, कारण लेण्यांतल्या शिलालेखांत या डोंगराचं नाव 'मानमुकुड' असं येतं. म्हणजे भिक्षू आले, लेणी खोदली, गेले, आणि मान मोडणारी बाई जागच्या जागी. त्या चढावर उभं राहिलं की या नावात गूढ काही उरत नाही. खाली बघा, मान खरंच मोडेल.

कोसंबींची ही पद्धत मला अजूनही मराठी भुतांवर लिहिण्याची सगळ्यात चांगली पद्धत वाटते, आणि ते भुतांवर लिहीत नव्हते. त्यांनी गोष्टीला जागेवरून हलवलं नाही. चौक, खिंड, पाणवठा, जत्रेची तिथी, सगळं जिथल्या तिथे ठेवून प्रश्न विचारले. पण वाचताना एक ठेच मला लागते. त्यांना दगडापुढची बाई काय सांगते यात रस आहे तो तिच्या मागे दोन-तीन हजार वर्षं काय घडलं यासाठी. ती बाई त्यांच्यासाठी एक जुना थर आहे, खाली पोचायची पायरी. ती आज, या वर्षी, या विहिरीवर बांगड्या का ठेवते, तिचं स्वतःचं काय गेलंय, हा प्रश्न ते विचारत नाहीत. त्यांचा तो विषय नव्हता, मान्य. पण माझ्या घरातली गोष्ट तिथेच आहे.

मानमोडीवरची दुसरी गोष्ट मला कोरीव कामाहून जास्त लक्षात राहिली. लेण्यांच्या शेजारी खडकात खोदलेली पाण्याची टाकी. शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हणतात. नहपान राजाचा अमात्य अयम यानं इथे मंडप आणि पोढी दान दिल्याचा लेख भीमाशंकर गटात आहे, साधारण पहिल्या-दुसऱ्या शतकातला. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनानं दोन पोढी दिल्याचाही लेख आहे. परदेशातून आलेल्या व्यापाऱ्यालाही कळलं होतं, की या डोंगरात द्यायचं तर पाणी द्यावं. भूत लेण्यांच्या डोंगरावर दोन हजार वर्षांपूर्वी माणसांनी जे लिहून ठेवलं त्यात टाक्याचा हिशोब आहे. माझी बाटली तोवर संपली होती. टाक्याच्या तळाशी हिरवं पाणी होतं, ते काही प्यायलो नाही.

खाली उतरल्यावर एसटी पकडून घरी गेलो आणि आजीला पहिल्यांदा नीट विचारलं. तोवर मी तिला कधी विचारलंच नव्हतं. गोष्ट मला माहीत आहे असंच मी धरून चाललो होतो.

१९७३ चा उन्हाळा. लोक त्याला बहात्तरचा दुष्काळ म्हणतात. गावातले बाप्ये आणि बाया दुष्काळी कामावर खडी फोडायला जात, तिथे सुकडी मिळायची, घरात मिलोची लाल भाकरी. मळ्यातल्या विहिरीचा तळ उघडा पडला होता. दगडातल्या खाचांत पाय रोवून खाली उतरायचं, कपारीतून झिरपलेलं पाणी वाटीवाटीनं हंड्यात भरायचं आणि हंडा घेऊन तसंच वर यायचं. सकाळी आणि संध्याकाळी विहिरीवर रांग. दुपारी कुणी यायचं नाही, आसरांच्या भीतीनं, आणि त्यामुळेच दुपारपर्यंत तळाशी हंडाभर पाणी साठलेलं असायचं. बाराच्या उन्हात विहिरीवर का जाऊ नये याचं कारण गावाला ठाऊक होतं, आणि का जावं लागतं याचंही.

घरातल्या बायकांनी बाऱ्या लावल्या होत्या. त्या दिवशी बारी थोरल्या आजीची नव्हती, माझ्या आजीची होती. आजी वीस वर्षांची, माझे वडील पोटात, आठवा महिना. थोरली म्हणाली, तू नको उतरू, मी जाते.

ती पडली, की चक्कर आली, की आणखी काही, हे आजीनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. हंडा वर काठावर सापडला, भरलेला. म्हणजे ती एकदा वर आली होती आणि पुन्हा खाली गेली होती, दुसऱ्या खेपेला, किंवा राहिलेली वाटी आणायला. आजीला हा हंडा पन्नास वर्षांनंतरही दिसतो. संध्याकाळी घरातल्या थोरल्यांनी सांगितलं, आसरांनी नेली, आणि विषय मिटला.

हे वाक्य मी आता सारखं उलटसुलट वाचतो. त्यानं काय काय झाकलंय! घराला जाब द्यावा लागला नाही. विहिरीला पायऱ्या का नव्हत्या, पोटुशी बाई बारीत का होती, हे कुणी विचारलं नाही. विवेकवादी मित्र म्हणेल, अंधश्रद्धेनं हेच होतं, आणि तो चुकीचं बोलत नाही. पण त्याच वाक्यानं वीस वर्षांच्या एका मुलीला 'तुझ्यामुळे गेली' हे कुणी तोंडावर म्हणू शकलं नाही. आसरांनी नेली, म्हणजे तिनं नेली नाही. आजी दर चैत्रात त्या सात दगडांपाशी हिरव्या बांगड्या ठेवते, त्या आसरांसाठी आहेत की जावेसाठी, ते तिलाच माहीत. माझ्या कथेत यातलं काहीच नव्हतं. माझ्या कथेत बाई भूत होऊन नातवाला ओढायला येते.

गावातलं भय आता पुन्हा बदललंय. कालवे आले, ऊस आला, उसात बिबटे आले. शेतीची लाइट रात्रपाळीची असते, म्हणून माणसं अंधारात मोटार चालू करायला जातात आणि पाठीमागे बघत राहतात. म्हणजे राजुरीत आता खरोखर रात्रीचे दोन वाजतात आणि खरोखर कुणीतरी पाचटात सरसरतं. ते लिहायला रात्र लागेलच, माझी हरकत नाही. आमच्या त्या विहिरीवर बिबट्या पडू नये म्हणून लोखंडी जाळी टाकली आहे. सात दगड जाळीच्या बाहेर, होते तिथेच आहेत.

गेल्या दिवाळीत आजी म्हणाली, "ती गोष्ट वाच परत, पाऊस गाळून." मी अ‍ॅप उघडलं. पाऊस काढला. मग वीज काढावी लागली, अमावास्या काढावी लागली, पांढरी साडी, किंकाळी, शेवटचा धक्का. चार ओळी उरल्या. त्यातल्या एकीत हंडा नव्हता, तो घातला. आजीनं ऐकलं आणि म्हणाली, हंडा तांब्याचा व्हता, पितळी नाय. मी ते दुरुस्त केलं.